ढगाची गोष्ट

बस स्टेशनाच्या चौकात वळली तेव्हा येर्नेयाने तो आवाज ऐकला आणि तिच्या कंबरेखालची कातडी एकदम आवळून आली. मागच्या सीटवर शाळेतल्या दोन मुली एकाच फोनमध्ये डोकी घालून बसल्या होत्या. आवाज त्या फोनमधून येत होता. ओला दोर जाड कापडावर बसला की येतो तसा, बद्द, आणि त्याच्या मागोमाग पाणी उडाल्याचा एक बारीकसा. बसचं इंजिन घरघरत होतं, पुढे कुणीतरी सारखं शिंकत होतं, तरी तिने तो ओळखला. कानांवरच तिचं पोट होतं. आरोग्यकेंद्रात बसून दिवसभर लोकांची ऐकण्याची ताकद तपासायची, हे तिचं काम. कुठला आवाज कशाचा हे तिला कुणी सांगावं लागत नसे. आणि हा आवाज तर पहिल्यांदा तिने कानांनी नाही, अंगाने ऐकला होता.

"परत लाव ना गं, ते ढगवालं," एक मुलगी म्हणाली.

"थांब, पुढे बघ. पुढे मुततोय तो."

"ईऽऽ! खरंच? मोठं कर, मोठं कर."

येर्नेया वळली. फोनवर सगळं धुकं होतं, आणि धुक्यात देशातल्या सगळ्यात उंच डोंगराच्या, त्रिग्लावच्या, माथ्यावरचा तो लोखंडी मनोरा, उभ्या पिंपासारखा. मनोऱ्याशी करड्या पँटमधला एक मुलगा गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. "ते समोर कोण? बोल!" चित्रात न दिसणाऱ्या कुणीतरी विचारलं. वाकलेला मुलगा म्हणाला, "ढग." सगळे खो खो हसले. विचारणाऱ्याचा आवाज नुकता फुटलेला, मधूनच चिरकणारा होता. सकाळी त्याच आवाजाने तिला विचारलं होतं, दूध संपलंय का. तिचा मुलगा झिगा. आवाज त्याचा, पण विचारायची ती पद्धत, 'समोर'वरचा तो जोर, आणि 'बोल'च्या आधी श्वासभर थांबणं, हे त्याचं नव्हतं. ते तिचं होतं. तिनेच घासूनपुसून तयार केलेलं.

एक थांबा आधीच ती उतरली. ऑक्टोबरातलं ल्युब्लियाना म्हणजे धुकं. नदीवरून उठतं ते दुपारपर्यंत शहराच्या उरावर बसून राहतं. माणसं खोकत खोकत कामाला जातात आणि रविवार आला की धुक्याच्या वर ऊन खायला डोंगरावर पळतात. ह्या देशात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. नवरा सोडून गेला? डोंगरावर जा. नोकरी गेली? डोंगरावर जा. पोरगं ऐकत नाही? त्याला तर आधी डोंगरावर पाठव. एकदा त्रिग्लावच्या माथ्यावर जाऊन आल्याशिवाय माणूस पुरता इथला होत नाही, असं सगळे हसत हसत म्हणतात आणि मनातून अगदी खरं मानतात. तिच्या शाळेत ह्यासाठी दरवर्षी डोंगर-आठवडा असे. झिगाच्या शाळेत अजून आहे, कारण शाळा तीच आहे, आणि तो आठवडा चालवणारा भूगोलाचा होचेवारही तोच आहे. बीच झाडाच्या ओल्या लाकडाचा जाळ करायचा, ताडपत्रीचा निवारा बांधायचा, नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून वाट काढायची, दोराच्या गाठी शिकायच्या. शेवटी त्रिग्लाव. झोपडीत बार्लीची गरम आमटी ओरपायची, आणि मग पोलादी तारा धरून, खडकात ठोकलेल्या खुंट्यांवर पाय देत धारेवरून माथा. माथ्यावर बारसं.

बारसं सगळ्यांचंच होतं, होचेवारच्याच पोरांचं नाही. पहिल्यांदा आलेल्याने वाकायचं आणि आधी येऊन गेलेल्याने त्याच्या ढुंगणावर दोराचे दोन-तीन हलके फटके द्यायचे. म्हाताऱ्या बायकांनाही देतात, पोटं सुटलेल्या साहेबांनाही देतात. मग हात मिळवायचे, चॉकलेट वाटायचं, आणि त्या दिवसापासून एकमेकांना अहो-जाहो करायचं नाही. होचेवारला हे सगळं मिळमिळीत वाटे. तो दोर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून घेई. आणि फटक्यामागे एक शिखर: समोर कोण, डावीकडे कोण, त्या खिंडीमागे कोण. चुकलं की तो फटका धरायचा नाही. ऊन पडलेलं असलं तर पोरं पटापट नावं घेऊन मोकळी होत. धुकं असलं तरी नियम तोच. "दिसतं तेव्हा कोणीही सांगेल," होचेवार म्हणे. "डोंगर डोळ्यांत नाही, डोक्यात पाहिजे."

येर्नेयाच्या वेळी धुकं होतं. ती सोळा वर्षांची होती, गोल होती, आणि तिला होचेवारने पहिल्याच दिवशी 'बरणी' असं नाव ठेवलं होतं. वर्गाने ते झेललं. निवारा बांधताना, चढताना, जेवताना: बरणीला आधी वाढा, बरणी फुटेल, बरणीच्या खाली उभं राहू नका रे. माथ्यावर ती वाकली तेव्हा चारी बाजूंना नुसतं पांढरं होतं. समोर कोण? श्कर्लातित्सा, ती म्हणाली. चूक. फटका. समोर कोण? मांगार्त. चूक. फटका. पाठ केलेली सगळी नावं तिने एकेक करून फेकली आणि एकेक करून ती परत आली. शेवटी, कशी कोण जाणे, ती म्हणाली, "ढग." मग होचेवार हसला, त्याच्या मागोमाग सगळे हसले, आणि होचेवार म्हणाला, "बरोबर! ढगच आहे!" झालं बारसं.

ही ढगाची गोष्ट. ही गोष्ट घेऊन येर्नेया पुढच्या आयुष्यात शिरली. परकी माणसं भोवती बसलेली असली, आपल्याकडे बघून त्यांची तोंडं वाकडी होणार असं वाटलं, की ती ही गोष्ट काढी. वसतिगृहात सांगितली. बोश्त्यानला पहिल्यांदा भेटली तेव्हा सांगितली. लग्न ठरलं तेव्हा त्याच्या बापाने तिला नखशिखांत मापलं होतं आणि म्हटलं होतं, ही काय डोंगर चढणार. तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावरचा फडका उचलला, पाण्याच्या पेल्यात बुडवला, आणि टेबलाच्या कडेवर सपकन हाणला. "समोर कोण? बोल!" होचेवारचा घोगरा आवाज तिला हुबेहूब जमे. म्हाताऱ्याने अक्रोड भरलेल्या गोड पावाची, पोतित्साची, बशी बाजूला सारून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांवर तिचं लग्न झालं म्हटलं तरी चालेल. पुढे बोश्त्यान दुसऱ्या बाईबरोबर मारिबोरला राहायला गेला, पण जाईपर्यंत दर पाहुण्यासमोर म्हणत राहिला, येर्नेया, ढगाची सांग ना. आणि झिगा तर ह्या गोष्टीवरच वाढला. न्हाऊन आला की उघडाच स्वयंपाकघरात यायचा, वाकायचा, आणि म्हणायचा, आई, मार. ती ओल्या फडक्याने हलकेच फटकावी. समोर कोण? बोल! तो ओरडे, "ढग!" आणि दोघं फरशीवर बसून पोट दुखेपर्यंत हसत. तिला त्याच्या ओल्या केसांचा वास येई. तिला वाटे, आपण ते सगळं जिंकलं.

गोष्टीत एक जागा होती. तिच्यावरून ती नेहमी उडी मारी. इतक्या वेळा मारली होती की उडी मारतोय हेही आता जाणवत नसे. आज रस्त्याच्या कडेने चालताना ती उडी मारायला गेली आणि पाय त्याच जागेवर पडला. ऊब. सगळ्यात आधी ऊब आली होती, मांड्यांवरून खाली, मोज्यांत. त्या गोठवणाऱ्या वाऱ्यात ती ऊब इतकी बरी वाटली होती की क्षणभर तिने डोळे मिटले होते. मग ती ऊब गार झाली. 'ढग' तिने म्हटलं ते विनोदाने म्हटलं नव्हतं. हे कोणाला दिसू नये, सगळ्यांनी वर बघावं, कुठेतरी तिकडे बघावं, म्हणून तोंडातून निघालं होतं. सगळ्यांनी बघितलंही वर. एकट्या होचेवारने खाली बघितलं. त्याने आपलं जाकीट काढलं, तिच्या कमरेला बांधलं, आणि कानाशी पुटपुटला, "कोणाला कळणार नाही, बरणे. हसत राहा." ती हसत राहिली. त्या एका जाकिटासाठी ती जन्मभर त्याची ऋणी होती. दर नाताळात त्याला स्वतःच्या हातची पोतित्सा पाठवी. मारलं त्यानेच होतं, हे तिला कधी आठवतच नसे, जाकीट आठवे.

आरोग्यकेंद्रात पहिला रोगी एक म्हातारा होता. त्याला काचेच्या खोलीत बसवून, कानांवर यंत्र चढवून तिने बारीक आवाज सोडायला सुरुवात केली. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. तो भराभर दाबत होता. ती काहीच सोडत नव्हती तेव्हाही दाबत होता.

"आजोबा, आता काही वाजलंच नाही," ती म्हणाली.

"वाजलं की! तुम्हाला ऐकू आलं नसेल, बाई."

एरवी ती हसली असती. आज तिला त्याचा संताप आला. बहिरा झालोय हे कबूल करायला जीव जातो थेरड्याचा, ती मनात म्हणाली, आणि एवढ्याशा गोष्टीवर आपल्याला इतका राग का यावा हे न कळून तिने परत आवाज सोडला, नुसताच, मोठा. म्हातारा दचकला. त्याने बटण दाबलं नाही. आपण हे मुद्दाम केलं हे तिला कळत होतं, आणि करताना बरं वाटलं हेही.

दुपारी होचेवारचा फोन आला.

"ओळखलंस का गं, बरणे?"

"ओळखलं."

"मग तुला कळलंच असेल. पोरांनी काढली ती फिल्म. आजकालची पोरं, सगळं फोनवर मुततात." स्वतःच्याच विनोदावर तो थोडा खोकला. "त्यातल्या वाकलेल्या पोराच्या, अर्मिनच्या, आईने तक्रार केलीय. बस चालवते ती, बोस्नियाची. उद्या मुख्याध्यापिकेने सगळ्यांना बोलावलंय. झिगाला शाळेतून काढायची भाषा चाललीय, शेवटच्या वर्षात. आणि माझा आठवडाही बंद करतील, ते निराळंच. तू ये."

"मी येऊन काय करू?"

"तू माझी साक्ष आहेस! तुझी गोष्ट सांग, तुझ्या पद्धतीने. सगळं हसण्यावारी जाईल. तू सांगायला लागलीस की दगडसुद्धा हसतो."

"काय काय सांगू?"

तिला त्याचा श्वास ऐकू आला, नाकातून, शांत.

"नेहमी सांगतेस तेवढंच," तो म्हणाला.

घरी झिगा अंडी फोडत होता. तव्यावर अंड्याबरोबर कवचाचे तुकडे पडत होते आणि तो ते बोटांनी काढत होता. आवाज फुटला होता, मिशी फुटली होती, आणि मान मात्र अजून तशीच बारीक. तिला आधी त्या मानेवर एक ठेवून द्यावीशी वाटली. मग तिथेच हात ठेवावासा वाटला. तिने दोन्ही केलं नाही.

"दोर ओला का केलास?"

"ओलाच असतो ना. तूच सांगायचीस."

"किती मारलंस त्याला?"

"चुकला तितकं. मी आधी जाऊन आलोय म्हणून सरांनी दोर माझ्याकडे दिला. नियम आहे तो, मी नाही काढला."

"धुकं होतं, झिगा."

"तुझ्या वेळी काय ऊन होतं?" तो तव्याकडे बघतच म्हणाला. "मला वाटलं त्यालाही मजा येईल. आई, खरं सांगतो, चढताना मी त्याच्या कानात सांगून ठेवलं होतं, अडकलास तर 'ढग' म्हण, लगेच सुटशील. आमच्या घरचा मंत्र आहे, म्हटलं. तो हसला पण. चांगलं पोरगं आहे गं ते. ओल्या लाकडाचा जाळ आमच्यात फक्त त्यालाच जमतो."

"मग?"

"मग तो म्हणाला ढग. सगळे हसले. मी दोर गुंडाळायला लागलो. तर सर म्हणाले, छे छे, हे उत्तर जुनं झालं, हे बरणीने वापरून टाकलं. नवीन काहीतरी सांगू दे त्याला."

येर्नेया खुर्चीवर बसली. आपण वापरून टाकलं. एकच फट होती त्या सगळ्यात, माणसाला अंग चोरून निसटता येईल एवढी, आणि इतकी वर्षं लोकांना हसवून हसवून आपणच ती बुजवली, असं काहीतरी तिच्या मनात आलं. ते पुरतं येऊ न देता तिने विचारलं, "आणि तू परत मारलंस?"

"सर म्हणाले म्हणून. सगळे बघत होते, आई." त्याने गॅस बंद केला. अंडी खाली लागली होती. "आणि मग तो मुतला. मला वाटलं तो हसेल. अजूनही वाटत होतं हसेल. तू हसली होतीस ना?"

"हो."

"तुला तसं काही... म्हणजे तुझं तसं काही झालं नव्हतं ना?"

त्याने विचारलं ते अगदी हळू, तिच्याकडे न बघता. तो भीक मागत होता हे तिला कळलं. झालं होतं म्हणाली असती तर त्याला सगळं कळलं असतं: दोर काय असतो, आपण काय केलं, आणि आई इतकी वर्षं ओलं फडकं घेऊन काय करत होती. त्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं असतं कदाचित. कदाचित तिच्याकडे परत कधी बघितलंही नसतं. उघडा, ओला, फरशीवर लोळून हसणारा तो छोटा झिगा आठवला आणि तिला वाटलं, तोही जाईल. तेवढा एकच होता तिच्याजवळ.

"मला? काहीतरीच काय."

"तेच म्हटलं मी," झिगा म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. "काही पोरं असतातच तशी. घाबरट." आणि तो करपलेली अंडी खायला बसला, आणि डोंगरावरून आल्यापासून पहिल्यांदा त्याने सगळं ताट संपवलं.

शाळेच्या जिन्याला अजून तोच फरशीच्या मेणाचा वास होता. मुख्याध्यापिका कोबाल बाईंच्या खोलीत भिंतीला डोंगर-आठवड्याचे जुने फोटो लावलेले होते. एकात येर्नेया होती, कमरेला मोठ्या माणसाचं जाकीट बांधलेली, तोंडभर हसणारी. अर्मिनची आई मिर्सादा बसच्या गणवेशातच आली होती. रुंद, ठेंगणी बाई, हात मांडीवर घट्ट धरलेले. तिच्या शेजारी अर्मिन. जाकिटाची टोपी डोक्यावर ओढून तो आपल्या बुटांकडे बघत होता. होचेवार खिडकीशी उभा होता, उन्हाने रापलेला, निवृत्तीला आलेला तरी ताठ. झिगा आईच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

कोबाल बाईंनी शिस्त, परंपरा, दोन्ही बाजू असं बरंच काही बोलायला सुरुवात केली. मिर्सादाने मध्येच हात वर केला, बस थांबवायला करतात तसा.

"बाई, मला कुणाला काढायचं नाहीये शाळेतून. ह्या पोराला काढून मला काय मिळणार? आणि सर, तुम्हाला वाटत असेल, बाहेरून आलेल्यांना कळत नाही आमचं. माझा नवरा गेला तेव्हापासून ह्याला इथलाच व्हायचंय. महिनाभर घरातल्या टेबलाच्या पायांना गाठी मारत होता. मी जेवायला बसले की टेबल हलायचं. मी म्हटलं, मार बाबा, मार गाठी." तिने अर्मिनकडे बघितलं. "आता तो घराबाहेर पडत नाही. दोर दिसला की उठून जातो. मी कपडे वाळत घालते त्या दोरीलाही बघवत नाही त्याला."

"आई," अर्मिन म्हणाला.

"थांब. मला एकच पाहिजे, बाई. ह्याला वाटतंय, सगळ्या जगात हे फक्त ह्याचंच झालं. मी सांगते, नाही रे, थंडी असते, भीती असते, कुणाचंही होतं. पण मी आई. माझं कोण ऐकतं? तुमच्यातल्या कुणीतरी सांगा. एवढी वर्षं पोरं नेताय, एकाचं तरी झालं असेल. नाव नका सांगू. फक्त हो म्हणा. तो उद्या शाळेत येईल. तसं कबूल केलंय त्याने मला."

कोबाल बाईंनी होचेवारकडे बघितलं.

"माझ्या आठवणीत तरी नाही," होचेवार म्हणाला. मग त्याने येर्नेयाकडे बघितलं, अगदी मायेने. "पण मी तर मारणारा. मार खाल्लेल्याला विचारा. येर्नेया होती ना, तिच्या वेळीही असंच धुकं होतं. सांग, येर्नेया. तूच सांग."

अर्मिनने टोपी मागे सारली. कपाळावर तारुण्यपिटिका होत्या, डोळ्यांखाली काळं होतं. तो तिच्याकडे असा बघत होता की तिला वाटलं, ह्याला आधीच माहीत आहे. माहीत नव्हतं, त्याला नुसती आशा होती. एक शब्द होता. एका अक्षराचा. तिच्या जिभेवर तो आलाही होता, आणि त्याच्या मागे सगळी टेबलं उभी राहिली, सगळे पाहुणे, टाळ्या वाजवणारा सासरा. त्या सगळ्यांचं हसू आता परत करावं लागणार. मागे भिंतीशी झिगाचा बूट फरशीवर घासला. तिला होचेवारची भीती वाटत नव्हती, हे तिला नवलच वाटलं. तिला त्या पोराचा राग येत होता. ह्याला काय अधिकार आहे? आपण एवढंसं तोंड करून एकटीने जे गिळलं, जन्मभर गिळलं, ते ह्याला फुकट सोडवून हवंय, आईला घेऊन येऊन, खुर्चीत बसून.

"अहो, मी तेव्हा अशी गोल होते," तिचं तोंड म्हणालं. "सर मला बरणी म्हणायचे."

कोबाल बाई हसल्या. इतका वेळ आखडून बसलेल्या बाईला हसायला जागा मिळाली होती. मग काय, गोष्ट आपोआप सुरू झाली, उतारावर सोडलेल्या गाडीसारखी. ताडपत्रीखाली घोरणारी बरणी, आमटीच्या तिसऱ्या वाडग्यासाठी रडणारी बरणी, तारेला लोंबकळणारी बरणी. होचेवारचा घोगरा आवाज तिने होचेवारसमोरच काढला आणि तो मान मागे टाकून हसला. ओला फडका नव्हता म्हणून तिने टेबलावर हाताचा पंजा हाणला. अर्मिन खुर्चीत दचकून आक्रसला. तिने ते बघितलं. तिने परत हाणला.

"समोर कोण? बोल! आणि मी म्हणाले, ढग!"

कोबाल बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मिर्सादाच्याही तोंडावर, नको नको म्हणत असताना, हसू आलं. तिने ते हाताने झाकलं. झिगा मागे मोकळेपणी हसत होता. त्याला त्याची आई परत मिळाली होती.

"मग?" अर्मिनने विचारलं.

"मग काय, सरांनी चॉकलेट वाटलं आणि आम्ही खाली उतरलो."

"नाही. ढग म्हणाल्यानंतर आणि चॉकलेटच्या आधी." तो पुढे झुकला होता. त्याचा आवाज लहान होता पण स्पष्ट होता. "मधे काय झालं, काकू?"

इतक्या वर्षांत, इतक्या टेबलांवर, हे कुणी विचारलं नव्हतं. ज्या जागेवरून ती उडी मारी ती जागा आजवर कुणाला ऐकू आली नव्हती. ह्याला आली. होचेवार खिडकीबाहेर बघायला लागला.

"मधे काही नाही," येर्नेया म्हणाली.

"काहीच नाही?"

"नाही रे बाळा. हसलो आम्ही."

अर्मिन मागे सरकला. तिने पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं आणि ते परत चढणार नव्हतं. मिर्सादा त्याच्याकडे वळली. तिचं हसू गेलं होतं. येर्नेयाच्या गोष्टीवर तिचा विश्वास बसला होता, अगदी पुरता. खोटं बोलणारी बाई एवढी मजेत सांगेल कशी? इतके दिवस आपण ज्याच्यासाठी भांडलो त्याच्याकडे ती आता परक्यासारखी बघत होती.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "मुलगी होती ती. तुझ्याएवढीच. तोच दोर, तेच धुकं. तिने हसून घेतलं. आणि मी इथे काम टाकून आले, ह्या लोकांपुढे तोंड वर करून बोलले, कशासाठी? मला वाटलं ह्यांनी तुला काहीतरी केलं. तूच तसा निघालास!" तिचा आवाज फाटला. तिने त्याच्या डोक्यामागे एक टपली मारली, फार जोरात नाही, पण सगळ्यांसमोर.

अर्मिनने आईकडे बघितलं नाही. तो येर्नेयाकडेच बघत राहिला. वेळ अजून गेलेली नव्हती. ती उठून उभी राहिली असती, त्या एका अक्षरासाठी तिने तोंड उघडलं असतं, तर अजूनही चाललं असतं. ती उठली. तिने तोंड उघडलं.

"रागवू नका हो त्याला," ती म्हणाली. "लहान आहे. शिकेल."